५० मीटरला छान, १०० ला उजवीकडे: स्कोप नेमका बसवायचा कसा?

बोरीकाठ | १० जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. (गरज सरो, वैद्य मरो असं करणार नाही, शब्द देतो.)

माझ्याकडे .२२ ची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. लायसन खेळासाठीचं आहे, क्लबचा सभासद आहे, तेव्हा तो विषय नको. दिवाळीत पदरचे आणि थोडे बायकोच्या नजरेआडचे पैसे घालून ६-२४×५० चा स्कोप (रायफलवरची दुर्बीण; ६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० मिमी) घेतला. फर्स्ट फोकल प्लेन (पट वाढवली की रेटिकलही मोठं दिसतं), रेटिकल म्हणजे आतल्या तारांचा क्रॉस मिलचं (मिल हे कोनाचं माप), डायलची एक क्लिक ०.१ मिलची. पाच-सहा व्हिडिओ पाहिले आणि घरीच बसवला. रायफलच्या रेलवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) छोटी लेव्हल ठेवली, स्कोपच्या टरेटच्या (वरच्या डायलच्या) टोपीवर दुसरी ठेवली, दोन्हींचे बुडबुडे मध्ये आणले आणि स्कोप धरणाऱ्या रिंगा आवळल्या. रेलवरच बारकी बबल लेव्हल कायमची लावली.

दुखणं असं. ५० मीटरला झीरो केलाय (क्रॉस जिथे, गोळी तिथे), सकाळच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. मग डायल २ मिल चढवून १०० ला मारलं की उंची बरोबर, पण ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) दीड सेंमी उजवीकडे. डिसेंबरात एका शिबिरात २०० मीटर मिळालं. तिथे ८ मिल चढवले, उंची पुन्हा बरोबर, पण उजवीकडे चांगली अर्धी वीत! वारा म्हणावा तर दोन्ही दिवस उजवीकडेच कसं?

दुसरं म्हणजे सकाळचा झीरो दुपारी ५० मीटरलाच सेंटिमीटरभर हलतो. कधी वर, कधी बाजूला.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "स्कोप चांगलाय, हात बघा तुमचा." दुकानाचं नाव विचारू नका. स्कोप बिघडलाय की मी?

केळीचा घड | १० जानेवारी, रात्री १०:५५

शीर्षक वाचून वाटलं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन. "नेमका बसवायचा कसा" वाचून अजूनच घाबरलो.

खापरचे मांडे | १० जानेवारी, रात्री ११:०३

भो, माले यातलं काहीच समजनं नही, पन वाचाले बसनु. चालू द्या.

सुभेदार_नि | ११ जानेवारी, सकाळी ५:२०

बोरीकाठ, स्कोप ठीक आहे. तुम्हीही ठीक आहात. रेटिकल तिरपं आहे.

उंची बरोबर येते आणि जितकं चढवावं तितकी गोळी एका बाजूला सरकते, म्हणजे दुसरं काही नाही. तुमची उभी तार खरी उभी नाही, तिचं डोकं उजवीकडे कललंय. तुम्हाला वाटतं तुम्ही वर चढवताय, प्रत्यक्षात तुम्ही वर-आणि-उजवीकडे चढवताय. ५० ला कळत नाही, कारण झीरोच तिथे केलाय.

पुन्हा बसवा.

पाटणदेवी रोड | ११ जानेवारी, सकाळी ८:१५

सुभेदार साहेबांच्या म्हणण्याला आकडे जोडतो. मी गणिताचा मास्तर, खाज आहे.

१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरला १० सेंमी, २०० ला २० सेंमी. धागाकर्त्याने १०० ला २ मिल चढवले, म्हणजे २० सेंमी. २०० ला ८ मिल, म्हणजे १६० सेंमी. तार जेवढी कलली त्या कोनाच्या ज्येने (साइनने) या आकड्याला गुणायचं, की बाजूची चूक मिळते. समजा कल ४ अंश. त्याची ज्या साधारण ०.०७. २० गुणिले ०.०७ म्हणजे १.४ सेंमी. १६० गुणिले ०.०७ म्हणजे ११ सेंमी. दीड सेंमी आणि अर्धी वीत! त्याच्या दोन्ही नोंदी एकाच कोनाने सुटतात. वाऱ्याने असं होत नाही, स्कोपच्या बिघाडाने तर नाहीच नाही.

अंतर दुप्पट झालं तर चूक दुप्पट व्हावी असं आपल्याला वाटतं, इथे ती आठपट झाली. कारण अंतर दुप्पट झालं, आणि चढवलेले मिल चौपट.

अवांतर: ज्या म्हणजे मुळात धनुष्याची दोरी. ज्याला आज पोरं साइन म्हणतात तो शब्द या दोरीवरूनच अरबी-लॅटिन भाषांतरांत वाकडातिकडा होत गेला. आणि आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. तेव्हा नेमबाजीचं गणित खान्देशाला नवीन नाही.

केळीचा घड | ११ जानेवारी, सकाळी ८:३१

मास्तर, आठवीत तुम्ही असंच धनुष्यबाण सांगितलं असतं तर मी आज केळी विकत नसतो.

पाटणदेवी रोड | ११ जानेवारी, सकाळी ८:४०

केळीत माझ्या पगारापेक्षा जास्त सुटतं, गप्प बस.

धुळ्याची ताई | ११ जानेवारी, दुपारी १:१०

सुभेदार काकांशी सहमत, पण धागाकर्त्याचं दुसरं दुखणं वेगळं आहे. दुपारी झीरो हलणं याचा तारेशी संबंध नाही. तो पॅरॅलॅक्स आहे (डोळा हलला की क्रॉस सरकल्याचा भास).

बोरीकाठ दादा, दोन प्रश्न. डोळ्याकडचं भिंग कसं जुळवलंत? आणि ५० ला मारताना बाजूचा पॅरॅलॅक्सचा नॉब कुठे असतो?

बोरीकाठ | ११ जानेवारी, दुपारी २:०५

ताई, डोळ्याकडचं आलं तसंच आहे, फिरतं हेच आता कळलं. बाजूचा नॉब १०० वर. टार्गेट तर स्पष्ट दिसतं की!

धुळ्याची ताई | ११ जानेवारी, दुपारी २:३०

दिसणारच. डोळा सोसून घेतो, तीच तर पंचाईत आहे.

स्कोपमध्ये दोन चित्रं एकावर एक बसवायची असतात, टार्गेटचं आणि रेटिकलचं. ती एकाच पातळीवर नसली की डोकं जरा हललं तरी क्रॉस टार्गेटवर सरकतो, रायफल हललेली नसताना. तुमचं पुढचं भिंग ५० मिमीचं, नॉब १०० ला, टार्गेट ५० ला. अशा वेळी डोळा पार कडेला गेला तर जास्तीत जास्त १२ मिमीची चूक पडू शकते. तुमचा "सेंटिमीटरभर" तो हाच. सकाळी तुम्ही ताजेतवाने, गाल एकाच जागी टेकतो. दुपारी मान दुखते, गाल वरखाली टेकतो, झीरो हलतो.

क्रम चुकवू नका. आधी डोळ्याकडचं भिंग. स्कोप आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा (सूर्याकडे चुकूनही नाही), दूर कुठेतरी बघा, मग एक-दोन सेकंदच आत डोकवा. पहिल्या झटक्यात तार काळी, कडक दिसली पाहिजे. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेईल आणि तुम्हाला वाटेल झालं. फिरवा, नजर दूर, पुन्हा डोकवा. जमलं की नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि परत हात लावू नका.

नंतर बाजूचा नॉब. रायफल वाळूच्या पिशव्यांवर अशी ठेवा की हात न लावता क्रॉस टार्गेटवर राहील. गाल न टेकवता डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवा. क्रॉस टार्गेटवर पोहताना दिसला तर नॉब थोडा फिरवा. पोहायचा थांबला की तीच जागा. नॉबवर ५० छापलेलं कुठे आलं त्याच्याशी देणंघेणं नाही, छापील आकडे अंदाजाचे असतात. माझ्या स्कोपवर खरे ५० मीटर म्हणजे छापील ६५ च्या जरा पुढे.

लळिंगचा वारा | ११ जानेवारी, संध्या. ६:४४

एवढ्या भानगडी कशाला? स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं, त्याचा स्कोप कोणता होता ते बघा आणि तोच घ्या.

धुळ्याची ताई | ११ जानेवारी, संध्या. ६:५९

त्याच्या रायफलवर स्कोप नव्हताच. ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) मोठं करून दाखवणारी दुर्बीण रायफलवर चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे गोल कडं, कड्यात काळा ठिपका. गोळी कुठे लागली ते बघायला बाजूला स्टँडवर दुर्बीण ठेवता येते, तेवढंच.

लळिंगचा वारा | ११ जानेवारी, संध्या. ७:०२

म्हणजे कोल्हापूरकराने बिनदुर्बिणीने आणलं आणि आम्ही चोवीस पटीने बघून अर्धी वीत उजवीकडे. बरंय.

सातपुडा पायथा | ११ जानेवारी, रात्री ९:१८

मक्यात रानडुकरं शिरतात. असा स्कोप एअर रायफलवर लावला तर लांबून काम होईल का? कोणता घ्यावा?

सुभेदार_नि | ११ जानेवारी, रात्री ९:३०

नाही. छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन बांधावर फिरतं आणि मग माणसावर येतं. शिवाय १९७२ च्या कायद्याखाली तो वन्यप्राणी आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. हा धागा कागदावर भोकं पाडण्याचा आहे.

सातपुडा पायथा | ११ जानेवारी, रात्री ९:४१

साहेब, भरपाईचा अर्ज मागच्या वर्षी केला होता. तो अजून फिरतोय. डुकरापेक्षा हळू. पण समजलं, कागदच धरतो. कागदासाठी एअर रायफल घेतली तर लायसन लागतं का?

धुळ्याची ताई | ११ जानेवारी, रात्री १०:०६

.१७७ बोअर (नळीचं भोक, इंचात) आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर लागत नाही. त्यापुढे लागतं.

एक सांगून ठेवते. स्प्रिंगच्या एअर रायफलवर वाटेल तो स्कोप चढवू नका. बाकी रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगवाली आधी मागे आणि मग पिस्टन थांबताना पुढे झटका देते. नेहमीच्या स्कोपची भिंगं मागच्या धक्क्यासाठी बांधलेली असतात, पुढच्या झटक्याने आतलं सुटतं. माझ्या पहिल्या स्कोपची तार तीनशे छऱ्यांत गळून पडली होती, शब्दशः. आत बघितलं तर अर्धाच क्रॉस. एअरगन रेटेड लिहिलेलाच घ्यायचा.

वरणगावकर | १२ जानेवारी, सकाळी ११:२५

उशिरा आलो. वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांमध्ये आयुष्य गेलं, रायफल मात्र स्वतःची कधीच नव्हती. लग्नाच्या आचाऱ्याला जेवण नको वाटतं तसं. पण तपासणीच्या बाजूला बरीच वर्षं होतो, म्हणून थोडं लिहितो.

वरती सगळे रेटिकल पुन्हा सरळ करा म्हणतात. बरोबर. पण ते तिरपं झालं कसं हे कोणी विचारलं नाही, आणि ते न कळता पुन्हा बसवलं तर पुन्हा तिरपं होईल. बोरीकाठ यांनी टरेटच्या टोपीवर लेव्हल ठेवली. टोपीचा माथा आतल्या तारेशी काटकोनात असेलच असं नाही, ती फक्त टोपी आहे. आणि दुसरं, बुडबुडे जुळवल्यावर रिंगांचे स्क्रू कसे आवळले? मला खात्री आहे की एका बाजूचे आधी पूर्ण, मग दुसऱ्या बाजूचे. तसं केलं की रिंगची वरची फाक स्कोपच्या नळीला धरून आपल्या बाजूला फिरवते. डोळ्यांदेखत फिरते तरी दिसत नाही, कारण तेव्हा आपण स्क्रूकडे बघत असतो.

रिंगच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते बघा. एकीकडे पोस्टकार्ड जाईल आणि दुसरीकडे केसही नाही, असं असेल तर चोर सापडला. स्क्रू कर्ण धरून, पाव-पाव फेरा, पाळीपाळीने आवळायचे. मोटरसायकलच्या हेडचे बोल्ट आवळतात तसे. शेवटचा ताण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या जरा अलीकडे (रिंगच्या कंपनीने दुसरा आकडा दिला असेल तर तो). हा फार थोडा आहे. बोटांत धरलेल्या छोट्या ॲलन कीचा. मनगटाने आवळलंत तर नळी दबते आणि आतली हालचाल अडकते. टॉर्क रेंच महाग वाटत असेल तर सायकलच्या चांगल्या दुकानात विचारा, कार्बनच्या सायकलींसाठी त्यांच्याकडे कमी ताणाचा असतो.

आणि काडतुसं एकाच लॉटची वापरता ना? खोक्यावर लॉट नंबर असतो. झीरो एका लॉटने आणि तपासणी दुसऱ्या लॉटने केली तर स्कोपला फुकट शिव्या बसतात.

बोरीकाठ | १२ जानेवारी, दुपारी १२:०२

काका, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? आत्ता उठून बघितलं. मागच्या रिंगला डावीकडे व्हिजिटिंग कार्ड आरामात जातं. उजवीकडे ब्लेडसुद्धा नाही.

खापरचे मांडे | १२ जानेवारी, दुपारी १२:१०

चोर सापडना!

केळीचा घड | १२ जानेवारी, दुपारी १२:१४

पण धागा संपायला नको. अजून शंभरी व्हायची आहे.

लळिंगचा वारा | १२ जानेवारी, दुपारी ४:५०

एक शंका. रायफलच तिरपी धरायची सवय असेल तर? मी बंदूक खांद्याला लावली की ती आपोआप आत कलते. मग रायफल सरळ करायची की क्रॉस?

सुभेदार_नि | १२ जानेवारी, संध्या. ५:३०

क्रॉस. रायफल थोडी कललेली चालेल, क्रॉस जमिनीला ओळंब्यात पाहिजे. गोळी खाली पडते ती जमिनीकडे पडते, रायफलच्या खालच्या बाजूकडे नाही.

फौजेत आम्हाला एक उस्ताद होता, तो लेव्हल बघतच नसे. ओळंबा. दोरी आणि वजन. म्हणायचा, बुडबुडा विकत मिळतो, ओळंबा नाही विकत. (तोही विकत मिळतो, पण उस्तादाला कोण सांगणार.)

रीत अशी. शंभर मीटर टेपने मोजा, पावलांनी नाही. तिथे जाड पांढऱ्या दोरीला ओळंबा टांगा. वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर झुळकीने डोलत राहील. दोरीला वर एक खूण आणि बरोबर ८० सेंमी खाली दुसरी. रायफलचा बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवा, काडतुसं घरीच ठेवा. रायफल पिशव्यांत घट्ट बसवा, रेलवरचा बुडबुडा मध्ये. क्रॉस वरच्या खुणेवर आणा. आता काही न हलवता ८ मिल चढवा. क्रॉस खाली येताना दिसेल. दोरीवरूनच खाली आला आणि खालच्या खुणेवर थांबला तर स्कोप पास. दोरी सोडून डावीकडे गेला तर गोळी उजवीकडे जाणार.

यात दोन परीक्षा एकदम होतात. तार सरळ आहे का, आणि ०.१ मिलची क्लिक खरंच ०.१ मिलची आहे का. एक गोळी खर्च होत नाही.

पाटणदेवी रोड | १२ जानेवारी, संध्या. ६:१२

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोरी, खूण आणि लंब. शाळेत हाच प्रयोग करणार, रायफलऐवजी लेसर पॉइंटर.

एक भर. मिल आणि एमओए यांची खिचडी करू नका. १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरला २९ मिमी. पाव एमओएची क्लिक म्हणजे ७ मिमी, ०.१ मिलची म्हणजे १०. आतलं रेटिकल मिलचं आणि बाहेरचा डायल एमओएचा असे जुने स्कोप अजून फिरतात. एक मिल खाली लागली म्हणून दहा क्लिक दिल्या तर गोळी सात सेंमीच वर येते आणि माणूस स्कोप विकायला काढतो.

बरं, फौजेचा मिल वेगळा. खरे मिल वर्तुळात ६२८३ बसतात. नाटोच्या होकायंत्रावर सोयीसाठी ६४००, जुन्या रशियन उपकरणांवर ६०००. सुभेदार साहेब, उस्ताद कोणता मिल शिकवायचे?

सुभेदार_नि | १२ जानेवारी, संध्या. ६:४०

उस्ताद शिकवायचा की चुकलं तर मैदानाला दोन चकरा. तो आकडा पक्का होता.

चोपड्याची चिमणी | १४ जानेवारी, सकाळी ९:०५

तीळगूळ घ्या, गोड गोड बोला. माझा स्कोप सेकंड फोकल प्लेनचा आहे, त्यावर ही ८ मिलची परीक्षा चालेल का?

धुळ्याची ताई | १४ जानेवारी, सकाळी ९:४०

चालेल, कारण परीक्षा डायलची आहे, तारेवरच्या खुणांची नाही. तुमच्या स्कोपमध्ये मोठं-लहान केलं तरी रेटिकल तेवढंच दिसतं, म्हणून त्यावरच्या खुणा एकाच पटीला खऱ्या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या. डायल सगळ्या पटींना खरा. तीळगूळ पोचला.

लळिंगचा वारा | १४ जानेवारी, दुपारी २:२०

मी आज क्लबात डायल पूर्ण वर फिरवून बघितला. माझा ६० एमओएचा स्कोप (डायलची एकूण धाव), पण झीरोपासून वर ३० च उरतात. बाकीचे कुठे गेले?

वरणगावकर | १४ जानेवारी, दुपारी ३:००

खाली गेले. डायल मध्यावर असतो तेव्हा अर्धे वर, अर्धे खाली. खालचे कधी वापरले जात नाहीत. म्हणून लांबच्या नेमबाजीसाठी २० एमओए उताराचा बेस (स्कोपखालची पट्टी) मिळतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच. तो लावला की झीरो खाली सरकतो आणि वर ५० मोकळे होतात. पण तू ५० मीटरच्या पुढे जाणार नसशील तर तुला काही गरज नाही. आधी ओळंबा टांग.

लळिंगचा वारा | १४ जानेवारी, दुपारी ३:०६

या धाग्यावर सगळ्याला औषध एकच. गुडघा दुखतो काका. ओळंबा टांगू का?

भरीत पार्टी | १५ जानेवारी, रात्री ८:००

यात कोणी उन्हाबद्दल बोललंच नाही. मी भुसावळचा. आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रेंजवर टार्गेट पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसतं. काळ्या रानावरून वाफा निघतात तेव्हा २४ पटीवर बघणं म्हणजे मृगजळच मोठं करून बघणं. १०-१२ वर आणा, चित्र शांत होतं. वारा एका बाजूने असला की ही लहर टार्गेटचं चित्रसुद्धा सरकवते, तुम्ही जिथे टार्गेट नाही तिथे अगदी नेमकं मारता.

रायफलची नळी तापली की तिच्याही वाफा स्कोपसमोर येतात. त्यासाठी नळीवर कापडी पट्टी ताणून लावतात. मी जुन्या खाटेची नवार लावली आहे. लोक हसतात, पण काम करते.

आणि भिंग उपरण्याने पुसू नका रे बाबांनो! आपल्याकडची धूळ कापसाच्या शेतातली, बारीक, पण तिच्यात वाळू असते. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, मग वाटलंच तर भिंगाचं कापड.

केळीचा घड | १५ जानेवारी, रात्री ८:१२

नाव भरीत पार्टी आणि एवढा वेळ भरिताचा उल्लेख नाही? निषेध.

भरीत पार्टी | १५ जानेवारी, रात्री ८:२०

हिरवी लांब वांगी, कापसाच्या पऱ्हाटीवर भाजलेली, बडजीत ठेचलेली. कळण्याची भाकरी. बास? आता ओळंब्याकडे वळा.

खापरचे मांडे | १५ जानेवारी, रात्री ८:२२

आते समजनं माले. आते हाऊ धागा मना शे.

बोरीकाठ | २६ जानेवारी, संध्या. ७:३५

झेंडावंदन उरकून आज दिवसभर हेच केलं. सविस्तर लिहितो.

चुलत काका गवंडीकाम करतात, त्यांचा पितळी ओळंबा आणला. क्लबची परवानगी घेऊन रिकाम्या रेंजवर शंभर मीटर टेपने मोजले. माझी पावलं मोजून जे "शंभर" होतं ते ९४ निघालं, हे आधी कबूल करतो. बल्लीला दोरी बांधली, बादलीत पाणी, पाण्यात ओळंबा. स्केचपेनने दोन खुणा, ८० सेंमी अंतर. बोल्ट खिशात.

क्रॉस वरच्या खुणेवर, बुडबुडा मध्ये. पोरगा दोरीजवळ पट्टी घेऊन उभा (रायफलमध्ये बोल्टच नाही, तरी त्याला मी दोरीपासून दहा फूट लांब उभं केलं आणि मोजायला तेवढं बोलावलं). एक-एक क्लिक मोजत ऐंशी क्लिक दिल्या. क्रॉस खाली उतरता उतरता दोरीपासून फुटत गेला. शेवटी खालच्या खुणेच्या उंचीवर आला तेव्हा दोरी आणि क्रॉस यात साडेपाच सेंमी. डावीकडे. सुभेदार साहेब म्हणाले तसंच.

मास्तर, ८० ला साडेपाच. तुमचे ४ अंश. मी तिथेच हसलो, पोराला वाटलं बापाला ऊन लागलं.

मग रिंगा सैल केल्या. या वेळी टोपीवर लेव्हल ठेवलीच नाही. बुडबुडा मध्ये धरून स्कोपमधून दोरीकडे बघितलं आणि उभी तार दोरीवर झाकली जाईपर्यंत नळी हाताने फिरवली. मग पाव-पाव फेरा, कर्ण धरून. दोन फेऱ्यांत तार दोरीवरून हलली, पुन्हा सैल, पुन्हा सुरुवात. तिसऱ्यांदा टिकली. टॉर्क रेंच सायकलवाल्याकडून आणला, त्याने विचारलं कोणती सायकल, मी म्हटलं चोवीस गियरची.

पुन्हा ८० क्लिक. क्रॉस दोरीवरच. खालची खूण जेमतेम एका क्लिकने चुकली.

संध्याकाळी ५० ला झीरो पुन्हा केला, डोळ्याकडचं भिंग आणि बाजूचा नॉब ताईंच्या रीतीने (माझे खरे ५० म्हणजे छापील ७० जवळ!). मग १०० ला दहा गोळ्या. अजून चार-पाच मिमी उजवीकडे आहे.

धुळ्याची ताई | २६ जानेवारी, संध्या. ८:०१

अभिनंदन दादा. चार-पाच मिमी रेटिकलचे नाहीत. .२२ ला १०० मीटरवर ताशी १५-१६ किमीचा आडवा वारा दहा-बारा सेंमी ढकलतो. मग पाच मिमीला गालावर कळणारही नाही इतकी झुळूक पुरते. तुमच्या रेंजला डावीकडे भिंत आहे का?

बोरीकाठ | २६ जानेवारी, संध्या. ८:१०

आहे. आणि ७० मीटरजवळ तिला फाटकाएवढी फट आहे.

धुळ्याची ताई | २६ जानेवारी, संध्या. ८:११

फटीसमोर काठीला लोकरीचा धागा बांधून बघा.

लळिंगचा वारा | २६ जानेवारी, संध्या. ८:१५

म्हणजे आता दुकानदाराला फोन करून सांगणार का, की स्कोप चांगला होता?

बोरीकाठ | २६ जानेवारी, संध्या. ८:१८

एवढा मोठा मनाचा मी नाही.

वरणगावकर | २६ जानेवारी, रात्री ९:०२

स्क्रू दोन-तीन सत्रांनी पुन्हा तपास, पहिल्या धक्क्यांत थोडे सैल पडतात. रिंग आणि नळीच्या सांध्यावर पेन्सिलची बारीक रेघ मार, नळी फिरली तर लगेच कळेल. आणि काकांचा ओळंबा परत दिलास का?

बोरीकाठ | २६ जानेवारी, रात्री ९:१०

नाही, बादलीतच राहिला. रविवारी त्यांचा स्लॅब आहे, मघाशीच फोन येऊन गेला. सकाळी सहाला जातो आणायला.